धंतोलीतलं कॅन्सरची फाईल समजावून सांगणारं केंद्र: पेशंटला बाहेर बसवू नका, सोबत न्या

५ पैकी साडेचार. अर्धा स्टार जिन्यासाठी आणि भिंतीवरच्या इंग्रजी तक्त्यांसाठी कापला, त्यावर खाली लिहिते.

नागपूरला धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या बाजूनं आत शिरलं की दवाखान्यांच्या गर्दीत एका ट्रस्टचं छोटंसं केंद्र आहे, तिथं कॅन्सरच्या पेशंटला आणि घरच्यांना त्यांच्या हातातली फाईल मराठीत नाहीतर हिंदीत समजावून सांगतात. बस, एवढंच करतात. तपासणी नाही, औषध नाही, कोणत्या डॉक्टरकडे जा हे विचारलं तरी सांगत नाहीत. फी नाही, दाराजवळ दानपेटी आहे, टाकलं तर टाकलं. नाव आणि नंबर मी मुद्दाम देत नाही, त्यांनीच सांगितलंय की नेटवर टाकू नका, कारण एका दुपारी जेवढ्या फाईली नीट पाहता येतात त्याच्यावर लोक आले की कोणालाच धड वेळ मिळत नाही. धंतोली, रामदासपेठ, सरकारी मेडिकल कॉलेज, तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल, जामठा, कुठेही तुमची ट्रीटमेंट सुरू असेल तिथल्या समाजसेविकेला नाहीतर वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला विचारा, पत्ता मिळून जाईल.

आम्ही मावशीसाठी गेलो. मावशी तुमसरकडची, धानाची शेती, छातीत गाठ लागली म्हणून माझ्याकडे मानेवाड्याला आली आणि इथंच राहिली. बायोप्सी झाली, मग काही दिवसांनी लॅबनं रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला, तोही संध्याकाळी, म्हणजे डॉक्टर भेटणार दुसऱ्या दिवशी आणि रात्रभर ती पीडीएफ आमच्या फोनवर. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, एकेक शब्द गुगलवर टाकून पाहत बसला. 'इन्व्हेजिव्ह' वाचलं आणि त्याला वाटलं अंगभर पसरलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी ओपीडीत एवढी गर्दी की डॉक्टरांनी कागद पाहिला, पुढच्या तपासण्या लिहिल्या, केमो आधी मग ऑपरेशन असं सांगितलं आणि आम्ही बाहेर. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, डॉक्टर चांगले आहेत, ट्रीटमेंट तिथंच सुरू आहे, पण बाहेर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पार बालाघाट-छिंदवाड्यापासूनचे लोक बाकावर बसलेले असतात आणि आत एका पेशंटच्या वाट्याला जो वेळ येतो त्यात हे सगळं समजणं शक्यच नाही. तिथल्याच एका सिस्टरनं या केंद्राचं सांगितलं.

केंद्रात एक रिटायर्ड सिस्टर बसतात, सगळे त्यांना ताईच म्हणतात, आयुष्य कॅन्सर वॉर्डात गेलेलं. अधूनमधून एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम येतात. आत जायच्या आधीच दादानं ताईंना जिन्यावर गाठून हळू आवाजात सांगितलं, ताई, आईसमोर कॅन्सर हा शब्द काढू नका, तिला आम्ही साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय, तिला बाहेर बसवतो, तुम्ही आम्हालाच सांगा. ताई म्हणाल्या, "भाऊ, त्या जेवढं विचारतील तेवढंच मी सांगीन, त्याच्यापुढे एक शब्द नाही. पण खोटं नाही बोलणार. आणि खुर्चीवर त्याच बसतील, तुम्ही मागं उभे राहा." ही पद्धत मला या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, रिपोर्ट समजावून सांगणारे व्हिडिओ तर मोबाईलवर पडलेच आहेत, पण पेशंटला खुर्चीवर बसवून नातेवाइकांना मागं उभं करणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही.

मावशी बसली आणि पहिला प्रश्न तिनंच केला. "बाई, हा कॅन्सर होय का?" दादा खाली पाहत होता. ताई म्हणाल्या, हो, कॅन्सर आहे. मावशी म्हणाली, "मले माहीतच होतं बापा, याईनंच सांगतलं नाही. आता काय काय लिहिलं त्याच्यात ते सांगा." मग जवळपास तासभर ती एकटीच बोलून राहिली होती, आम्ही मागं उभे.

ताईंची सांगायची पद्धत अशी की आधी कागद उलटा करून शेवटच्या भागावर बोट ठेवतात, 'इम्प्रेशन' नाहीतर 'फायनल डायग्नोसिस' लिहिलेलं असतं तिथं. सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी काहीही असो, आधी ते वाचायचं, वरची दोन पानं नंतर. वरच्या मजकुरात लिव्हर 'अनरिमार्केबल' वगैरे लिहिलेलं असतं आणि लोक तेच वाचून घाबरतात, त्याचा अर्थ फक्त एवढाच की तिथं सांगण्यासारखं काही बिघडलेलं दिसलं नाही, म्हणजे चांगली बातमी. तसंच 'पॉझिटिव्ह' दिसलं की खूश व्हायचं नाही आणि 'निगेटिव्ह' दिसलं की रडायचं नाही, आधी विचारायचं कशाचं पॉझिटिव्ह. गाठीत कॅन्सर सापडला तरी पॉझिटिव्ह लिहितात आणि हार्मोनची गोळी लागू पडेल अशी खूण सापडली तरी पॉझिटिव्हच लिहितात. 'इन्व्हेजिव्ह'चं सांगायचं तर ज्या नळीत नाहीतर थरात पेशी बिघडल्या तिथली भिंत ओलांडून त्या बाजूच्या मांसात शिरल्या, एवढंच. भिंतीच्या आतच असतील तर 'इन सिटू' लिहितात. दुसऱ्या अवयवात गेलं असेल तर त्याला मेटास्टॅसिस म्हणतात आणि ते बायोप्सीच्या एका तुकड्यावरून कळत नाही, त्यासाठी स्कॅन लागतो. दादाची अख्खी रात्र ज्या शब्दावर गेली होती तो असा मिटला.

ग्रेड आणि स्टेज यात सगळेच गोंधळतात, आम्हीही. रिपोर्टवर ग्रेड २ लिहिलं होतं आणि घरी सगळे दुसरी स्टेज म्हणून बोलत होते. ताईंनी मावशीला तिच्याच बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, उदाहरण दिलं, धानावर तुडतुडा लागला तर तो किती जहाल आहे ते ग्रेड, आणि किती बांध्यांत पोचला ते स्टेज. मावशीनं मान हलवली आणि तिथून पुढे ती दादाला समजावून सांगायला लागली. त्यापुढचा भाग पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सांगितला, त्या दिवशी आल्या होत्या म्हणून आमचं नशीब. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ग्रेड ठरवताना मायक्रोस्कोपखाली तीन गोष्टी पाहतात, पेशी मूळच्या नळ्यांसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी आहेत, आणि किती पेशी फुटून दोन होऊन राहिल्या. प्रत्येकाला १ ते ३ मार्क. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ आली तर ग्रेड २, ८-९ आली तर ग्रेड ३. मावशीची ७ होती, कागदावर तीन आकडे आणि बेरीज चक्क लिहिलेली होती आणि आमच्यापैकी कोणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

स्टेजसाठी टी, एन, एम. टी म्हणजे मूळ गाठ केवढी, एन म्हणजे जवळच्या लिम्फ नोडमध्ये, छातीच्या बाबतीत काखेतल्या गाठींमध्ये गेलं का, एम म्हणजे दूरच्या अवयवात गेलं का. मावशीची गाठ ३ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे टी२, कारण २ च्या वर ५ पर्यंत टी२ धरतात. काखेत गाठ लागत होती आणि तिथं सुई टाकल्यावर पेशी सापडल्या म्हणून एन१. स्कॅनमध्ये बाकी कुठं नाही म्हणून एम०. हे तिन्ही मिळून स्टेज २बी. ताईंनी अजून एक बारीक गोष्ट दाखवली जी मला नंतर खूप कामाला आली, या अक्षरांच्या आधी एक छोटं अक्षर असतं. 'सी' असेल तर हातानं तपासून आणि स्कॅनवरून काढलेला अंदाज, 'पी' असेल तर ऑपरेशननंतर काढलेला भाग प्रत्यक्ष कापून पाहून ठरवलेलं, आणि केमो आधी देऊन मग ऑपरेशन केलं असेल तर त्याच्याही आधी 'वाय' लागतं. त्यामुळे ऑपरेशननंतर मावशीच्या कागदावर 'वायपीटी१ वायपीएन०' आलं तेव्हा घरात कोणालाही फोन फिरवावा लागला नाही, मावशीनंच वाचून घेतलं माझ्याकडून आणि म्हणाली म्हणजे काखेतलं गेलं न. होय, गेलं. गाठही आखडली. त्याच रिपोर्टात 'मार्जिन फ्री' लिहिलेलं असतं ते आवर्जून पाहा, काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत असा त्याचा अर्थ. आणि नोडच्या पुढे ०/१४ असं काही असेल तर १४ गाठी तपासल्या, एकीतही नाही.

आयएचसीच्या, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्याला रंग देऊन पेशीतल्या खुणा शोधतात त्या तपासणीच्या, रिपोर्टनं आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. ईआर, पीआर, हर-टू, के-आय ६७, एका कागदावर चार परीक्षांचे निकाल. ईआर-पीआर म्हणजे पेशीत हार्मोनला पकडणारे रिसेप्टर आहेत का, असतील तर पुढे हार्मोन रोखणारी गोळी काम करू शकते. के-आय ६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी वाढीच्या तयारीत आहेत. हर-टूला ०, १+, २+, ३+ असे मार्क देतात, ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह आणि त्याच्यासाठी ट्रास्टुझुमॅबसारखं वेगळं इंजेक्शन असतं. २+ म्हणजे धड इकडे नाही धड तिकडे, मग फिश नावाची अजून एक तपासणी करावी लागते, तिच्यावर ठरतं. मावशीचं २+ आलं होतं. लॅबवाल्यांनी फिशचा खर्च सांगितला तेव्हा दादाला वाटलं हे उगाच पैसे काढून राहिले. मॅडमनी समजावलं की हे न करता औषध ठरवणं म्हणजे एकतर महागडं औषध विनाकारण देणं नाहीतर ज्याला गरज आहे त्याला ते न देणं, दोन्ही वाईट. फिश निगेटिव्ह आलं. याच्याच जोडीला त्यांनी सांगितलं की बायोप्सीचा मेणात ठेवलेला ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड लॅबकडे जपून ठेवलेल्या असतात, दुसऱ्या हॉस्पिटलात मत घ्यायचं असेल तर त्या मागून नेता येतात, पुन्हा पुन्हा सुया टोचाव्या लागत नाहीत. ही गोष्ट आम्हाला आधी एकानंही सांगितली नव्हती, मुंबईला टाटाला जाणारे इथले किती लोक नुसता कागद घेऊन जातात आणि ब्लॉकसाठी कोणाला तरी परत पाठवावं लागतं.

आणि हो, बायोप्सी केली की सुई लागून कॅन्सर पसरतो ही भीती आमच्या गावाकडे घराघरात आहे. मावशीच्या जावेनं तेच सांगून घाबरवलं होतं. ताई यावर एकदम कडक झाल्या. बहुतेक कॅन्सरमध्ये योग्य ठिकाणी, योग्य माणसानं केलेल्या बायोप्सीनं पसरण्याची भीती नगण्य असते, आणि काही थोड्या प्रकारांत सर्जन आधीच वेगळी पद्धत ठरवतात. तुकडा तपासल्याशिवाय बहुतेक कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू होत नाही, होऊ नये. जन आरोग्य योजनेची मंजुरी काढायला गेलं तरी आधी बायोप्सीचाच कागद मागतात.

आता बाकी लोकांचं. बाहेरच्या हॉलमध्ये नंबरची वाट पाहत बसलं की आतलं थोडंफार ऐकू येतं, हे चांगलं नाही, त्याची तक्रार मी केली आहे. पण ज्यांनी आपणहून आमच्याशी बोलून सांगितलं त्यांच्यातले एक काका गोंदियाकडचे, फुप्फुसाचा कॅन्सर. सीटीवर 'स्टेबल डिसीज' लिहिलं म्हणून त्यांची सून रडत आली होती, एवढी केमो देऊन काहीच फरक नाही म्हणून. आत गेली आणि हसत बाहेर आली. स्कॅनमध्ये मोजलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के किंवा जास्त कमी झाली तर 'पार्शल रिस्पॉन्स' लिहितात, २० टक्के किंवा जास्त वाढली तर, नाहीतर नवीन गाठ दिसली तर 'प्रोग्रेसिव्ह डिसीज', आणि मधल्या सगळ्याला स्टेबल. म्हणजे गाठ २५ टक्के आखडली तरी कागदावर स्टेबलच येणार. फुप्फुसाच्या पुढच्या स्टेजमध्ये जागेवर थांबणं हीसुद्धा औषधाची कमाई धरतात. तिला आधी कोणी हे सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या बिचारीच्या.

पेट स्कॅनचंही तसंच. साखरेसारखा एक किरणोत्सर्गी पदार्थ टोचतात, ज्या पेशी साखर जास्त खातात तिथं तो जमतो आणि चमकतो, त्याच्या आकड्याला एसयूव्ही म्हणतात. पण चमकलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. टीबी, इन्फेक्शन, नुकत्याच झालेल्या ऑपरेशनची जागा, हेही चमकतं, आणि टीबी तर आपल्याकडे भरपूर. म्हणून एखाद्या नोडवर शंका असली की डॉक्टर परत सुई टाकतात, तेव्हा पेट केला होता ना मग आता हे कशाला म्हणून भांडू नका. ट्यूमर मार्करही, म्हणजे रक्तात कॅन्सरची खूण शोधणारी तपासणी, असाच, सीए १२५ वाढला म्हणून अंडाशयाचा कॅन्सर असं होत नाही, पोटाच्या टीबीत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पाळीच्या दिवसांतही तो वाढतो. हेल्थ पॅकेजमध्ये हा मार्कर टाकून लोकांना घाबरवणारे खूप झालेत, माझी कळकळीची विनंती आहे की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते करू नका.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचे पेशंट या केंद्रात इतके दिसतात की बघवत नाही, तिशी-पस्तिशीतली पोरं. तोंडाचं ऑपरेशन झालेल्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी टेबलावर पाटी आणि पेन्सिल ठेवली आहे. एक तरुण पोरगा त्याच्यावर लिहून विचारत होता आणि त्याचा बाप मागून उत्तर द्यायला जायचा तर ताई बापाला हातानं थांबवायच्या, त्याचं लिहून होऊ द्या. त्यानं लिहिलं होतं, 'रेडिएशननंतर लेकराला जवळ घेऊ का?' ताईंनी सांगितलं, बाहेरून मशीननं देतात त्या रेडिएशननं तुझ्या अंगात काही उरत नाही, खोलीतून बाहेर आलास की घे उचलून. शरीराच्या आत किरणोत्सर्गी औषध देतात तेव्हा नियम वेगळे, ते त्या त्या वेळी सांगतात. त्याला ३० फ्रॅक्शन लिहून दिले होते, फ्रॅक्शन म्हणजे एकूण डोसाचे हप्ते, सहसा सोमवार ते शुक्रवार रोज एक. मावशीला पुढे १५ च लागले, छातीच्या कॅन्सरमध्ये आता बऱ्याच ठिकाणी ४० ग्रे (हे रेडिएशन मोजायचं माप) डोस १५ हप्त्यांत, तीन आठवड्यांत देतात. शेजारचीला २५ होते आणि तुम्हाला १५ च म्हणजे काही कमी दिलं असं नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटी नाही, इथंच लिहिते. केमोचा ताप. केमोनं पांढऱ्या पेशी खाली जातात, त्यातल्या न्यूट्रोफिलच्या आकड्याला एएनसी म्हणतात, तो ५०० च्या खाली गेला की साधं इन्फेक्शनसुद्धा जिवावर येऊ शकतं. औषधाप्रमाणे फरक पडतो पण साधारण केमोनंतर ७ ते १४ दिवसांत हा आकडा तळाला असतो. या काळात ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला, म्हणजे ३८ सेल्सिअस, तर क्रोसीन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठायची आणि दारातच सांगायचं की केमोचा पेशंट आहे. पॅरासिटामॉलनं ताप दबतो, इन्फेक्शन दबत नाही. ताईंनी मावशीला हे सांगितलं नाही, तिच्याकडून म्हणवून घेतलं. ताप किती आला तर? कुठं जायचं? कोणाला काय सांगायचं? पुन्हा, पुन्हा. एका कार्डावर आमच्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर आणि १००.४ एवढंच मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ते आम्ही थर्मामीटरच्या डबीला रबरबँडनं बांधलं. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर, म्हणजे दुसऱ्या फेरीनंतर, मावशीला रात्री थंडी वाजून आली. दादा म्हणत होता सकाळी पाहू, तिनं स्वतः थर्मामीटर लावलं, मला हाक मारली आणि म्हणाली, "पोरी, गाडी काढ, एकशे एक होय." एएनसी ३०० च्या आसपास निघाला. ॲडमिट केलं, शिरेतून अँटिबायोटिक दिलं, बरी होऊन घरी आली. तिला साधी गाठ आहे म्हणून सांगत राहिलो असतो तर ती उठलीच नसती, अंगावर गोधडी ओढून पडून राहिली असती, म्हातारी माणसं तशीच असतात, कोणाला त्रास नको म्हणून. म्हणून मी इतकी जीव तोडून सांगतेय की पेशंटला त्या खुर्चीवर बसवा. ज्याच्या अंगात ताप येणार आहे त्यालाच ठाऊक नसेल तर बाकी घरभर सगळे हुशार असून काय उपयोग.

'पॅलिएटिव्ह' लिहिलेल्या फायलींसाठी ताई वेगळी वेळ देतात, शेवटचा नंबर, घाई नको म्हणून. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांना मी तिथं घेऊन गेले होते त्यामुळे हे पाहिलंय. त्यांच्या मुलांना वाटलं डॉक्टरांनी हात वर केले. तसं नसतं. दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती यांची नीट काळजी घेणारी ती वैद्यकाची शाखा आहे आणि ती केमो-रेडिएशन सुरू असतानाही सोबत घेता येते. 'पॅलिएटिव्ह केमो' लिहिलं तर हेतू रोग मुळापासून काढण्याचा नाही, आवर घालण्याचा आणि त्रास कमी करण्याचा आहे, हे खरं, आणि ते ताईंनी लपवलं नाही. पण त्याला दिवसांचा आकडा जोडलेला नसतो. आजोबांनी विचारलं, किती राहिले? ताई म्हणाल्या, तो आकडा माझ्याकडे नाही आणि अंदाजे मी बोलणार नाही, तुमच्या डॉक्टरांना असं विचारा की पुढचे दोन-तीन महिने माझे कसे जातील आणि काय काय करून घेऊ. आजोबांनी तो प्रश्न एका कागदावर लिहून घेतला, स्वतःच्या हातानं, आणि डॉक्टरांसमोर वाचून दाखवला. नंतर ते नातीच्या साखरपुड्याला वर्ध्याला जाऊन आले, डॉक्टरांनीच तारखा मागंपुढं करून दिल्या.

'फाईव्ह इयर सर्व्हायव्हल'वरही तिथं रोज कोणीतरी घाबरून येतं, पाचच वर्षं आहेत म्हणून. ते मोजण्याचं एक ठरलेलं अंतर आहे, निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले किती लोक जिवंत होते, आणि तो आकडा आधीच्या वर्षांत ट्रीटमेंट घेतलेल्यांवरून काढलेला असतो. सहाव्या वर्षी काय होणार, तुमचं स्वतःचं काय होणार, हे त्यात नसतं.

तक्रारी. पहिला मजला, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला, केमोनंतर पायात जोर नसलेल्या माणसाला तिथं चढवणं म्हणजे शिक्षा आहे. ताई खाली उतरून गाडीत बसलेल्या पेशंटशीही बोलतात हे मी पाहिलंय, पण त्यांचंही वय झालंय, ट्रस्टनं तळमजल्यावर एक खोली बघायलाच पाहिजे. भिंतीवर टीएनएमचे आणि केमोच्या औषधांचे जे तक्ते लावलेत ते सगळे इंग्रजीत आणि बारीक अक्षरात, त्यांच्या तोंडून इतकं सुरेख मराठी ऐकल्यावर ते तक्ते पाहून वाईट वाटतं. मराठी तक्ते मी टाईप करून द्यायला तयार आहे असं सांगून आलेय. आतलं बाहेर ऐकू जाणं थांबवा, निदान एक पडदा लावा, टीव्ही लावा, काहीतरी. आणि नोकरी करणाऱ्यांसाठी रविवारी सकाळचा एखादा तास ठेवला तर फार बरं होईल. बायकांच्या तपासणीबद्दल बोलायचं असेल तर पुरुष नातेवाइकांना बाहेर काढतात, हे मात्र न सांगता करतात, ते आवडलं.

जाताना सगळे मूळ रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, मोबाईलमधले फोटो तिथं चालत नाहीत, सीडी नको, कागद पाहिजे. बायोप्सीचा, आयएचसीचा आणि शेवटच्या स्कॅनचा कागद वर ठेवा. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, त्यात वैद्याची पुडी असेल तर तीही, लपवू नका. एक वही, कारण प्रत्येक शब्दानंतर ताई डॉक्टरांना विचारायचा एक प्रश्न लिहायला लावतात आणि ती वहीच पुढच्या ओपीडीत कामाला येते. गाडी आणू नका, धंतोलीत पार्किंग मिळत नाही आणि कोणाच्या तरी गेटसमोर लावून वर बसलात की जीव खाली राहतो, मेट्रोनं सीताबर्डीला नाहीतर काँग्रेस नगरला उतरून ऑटो करा. टोकन दुपारी दोनच्या आधी संपतात, त्यामुळे दीडलाच पोचा, पेशंटसाठी पाणी आणि काहीतरी खायला सोबत ठेवा.